काठाची भाकरी

हल्ली कुणी जुन्या काळच्या काटकसरीचं कौतुक करायला लागलं, की मला आधी वास येतो. जुनी माणसं कशी पुरवून पुरवून खायची, घरात दोन-दोन वर्षांचं धान्य कसं असायचं, एक दाणा म्हणून वाया कसा जात नसे, हे ऐकताना लोकांचे डोळे भरून येतात. माझे येत नाहीत. ती काटकसर मी खाल्लेली आहे. तिची चव कडवट-कुबट होती आणि राख लावून हात कितीही चोळले तरी बोटांचा वास जात नसे.

माझं माहेर देवळाली प्रवरेच्या बाजूचं, कालव्याखालचं. आमच्याकडं ज्वारी मळून आली की पोतं सोडायचं, दळायचं आणि खायचं. धान्याचा कुणी देव केलेला नव्हता. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी माझं लग्न पारनेर तालुक्यातल्या एका जिरायती गावात झालं. माझे वडील स्थळ बघून आले ते हरखूनच गेले होते. "तीन पेवं हायेत घरात," ते आईला सांगत होते. "पोरीवर उपाशी राहायची येळ न्हाई यायची." त्यांचं चुकलं नव्हतं. त्या घरात उपाशी कुणीच राहत नव्हतं. पण पोटात जे जात होतं त्याला अन्न म्हणायचं का, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची कोठी. वर तोंड एवढंसं, माणूस जेमतेम उतरेल इतकं, आणि आत हे मोठं पोट. खाली आणि कडेनं काड पसरून ज्वारी ओतायची, तोंडावर दगडी झाकण ठेवायचं आणि माती-शेणानं लिंपून टाकायचं. मग वर्षानुवर्षं तिकडं बघायचं नाही. एकदा उघडलं की मात्र सगळं उपसावं लागायचं, कारण वारा लागल्यावर ती ज्वारी टिकत नसे.

उपसलेल्या ज्वारीचे आमच्या घरात दोन ढीग होत. मधली ज्वारी त्यातल्या त्यात बरी असायची, पिवळी पडलेली, पण खाण्याजोगी. भिंतीलगतची ज्वारी ओल धरून काळी पडायची, तिच्या गुठळ्या व्हायच्या, त्या हातानं फोडल्या की आतून बुरशीचा धूर निघायचा. ही काठाची ज्वारी. मधली पुरुषांना आणि पाहुण्यांना, काठाची बायकांना आणि गड्याला. दोन कणग्या, दोन पिठाचे डबे, दोन पराती. पहाटे जात्यावर आधी मधली दळायची आणि मागून काठाची, म्हणजे पुरुषांच्या पिठाला वास लागत नाही. एवढा बारीक विचार त्या घरात दुसऱ्या कशाचाच होत नव्हता.

मला पहिल्या दिवशी यातलं काही ठाऊक नव्हतं. पुरुषांची पंगत उठल्यावर मी आणि थोरली जाऊ चुलीपाशी जेवायला बसलो. मी भाकरीचा तुकडा मोडला. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली, त्यामुळं तो हातातच भुगा झाला. तोंडाशी नेला, तर ओल्या पोत्याखाली उंदीर मरून पडल्यावर येतो तसला वास. मी तशीच थांबले. थोरली माझ्याकडं बघून हसत होती.

"पयला घास श्वास धरून गीळ," ती म्हणाली. "मग काय वाटत न्हाई. आनि थोड्या दिसांनी तुला म्हायेरचीच भाकर कशीतरी लागंल."

तिचं हे शेवटचं काही खरं झालं नाही. थोरली अंगानं किरकोळ पण जिभेची तिखट होती, आणि त्या घरात मला माणूस म्हणून वागवणारी तेवढी एकच होती. मी तिला अक्का म्हणायची, ती मला धाकटे म्हणायची. आसपास कुणी नसलं की ती सासऱ्यांची हुबेहूब नक्कल करायची आणि आम्ही तोंडात पदर कोंबून हसायचो.

सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणत असू. धान्याच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. जुनं सरल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पण त्याचा अर्थ असा, की शेतात पिकलेली ताजी टपोरी ज्वारी पेवात घालायची, ती कुबेपर्यंत वाट बघायची आणि कुबली की काढून खायची. त्या घराचं शेत दर साली पिकत होतं आणि त्या घरातल्या एकाही माणसाला ताज्या ज्वारीची भाकरी ठाऊक नव्हती. मी हे एकदा नवऱ्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "आबांचा हिशोब लांबचा असतो." डोंबलाचा हिशोब! ती नुसती खोड होती, आणि घराण्याची रीत म्हणून सगळे तिला मान देत होते.

मी आले तेव्हा एक पेव रिकामं होतं आणि दुसरं उपसून त्याची ज्वारी कणग्यांत आलेली होती. तिसरं घराच्या पुढच्या ओट्यात होतं. त्यात चांगल्या सालांची ज्वारी गच्च भरलेली होती आणि घराची सगळी इभ्रत त्या झाकणाखाली होती. मामंजींची बाज त्या झाकणावरच टाकलेली असायची. दिवसा तिथंच बसायचं, तिथंच निजायचं. उठल्यावर मशेरी तिथंच, थुंकणं तिथंच, तांब्याभर पाणी घेऊन चूळ भरणं तिथंच, जेवून हात धुणंही तिथंच. जागा सोडली तर कुणी डोळा ठेवील, असं त्यांचं म्हणणं. आम्ही ओटा सारवायचो तो बाजेच्या भोवतीनं. बाज हलवायची नाही. खाली त्यांच्या चुळांचं मशेरीनं काळं झालेलं पाणी साचलेलं असायचं आणि त्याच्या काठानं आमचे हात फिरायचे. आजही ते आठवलं की मला साबणानं हात धुवावेसे वाटतात.

मग तो दुष्काळ आला. आदल्या साली पाऊस निदान नावाला पडला होता, त्या साली तोही फिरकला नाही. विहिरींचा तळ खरवडून पाणी भरावं लागे. आम्ही दोघी जावा मैलभरावरून हंडे आणायचो. गावात खायला राहिलं नाही. सरकारनं रस्त्याची आणि तलावाची कामं काढली आणि निम्म्याहून जास्त गाव खडी फोडायला जाऊ लागलं. कामावर दुपारी सुकडी मिळायची, गूळ घातलेलं भाजकं पीठ. रेशनवर परदेशातली लाल ज्वारी यायची, तिला सगळे मिलो म्हणायचे. मामंजी म्हणायचे डुकराचं खाणं. बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं ते बोलायचे, "पेवाच्या घरच्या सुना खडी फोडाय जात न्हाईत." लोकही मान डोलवायचे. ते रांगेत उभे राहून ताजी सुकडी खात होते आणि आम्हाला भाग्यवान म्हणत होते.

त्या हिवाळ्यात थोरली बाळंत झाली. तिच्या माहेरी दाणा नव्हता, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. डिंक, हळीव, खोबरं यातलं काही तिला मिळणार नाही हे मलाही कळत होतं. पण निदान बरी भाकरी? तीही नाही. एव्हाना काठाच्या कणगीत तळाच्या गुठळ्या तेवढ्या उरल्या होत्या. बाळंतिणीच्या ताटात त्याच पिठाची भाकरी आणि पाण्यात कालवलेलं तिखट.

थोरलीचं दूध आटत गेलं. पोरगी ओढ ओढ ओढायची, तोंडाला काही लागत नाही म्हटल्यावर टाहो फोडायची. पुढं पुढं तिचा टाहोही उतरला, नुसती कुरकुरायची. तिच्या मांड्यांची कातडी सैल पडली, चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा झाला. थोरलीनं नकला करणं सोडून दिलं. "हिच्या पोटात काय पडलं न्हाई तर ही जानार, धाकटे," ती एक दिवस अगदी सरळ आवाजात म्हणाली. मला त्या आवाजाची भीती वाटली.

मी सासूकडं गेले. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. "आत्याबाई, अक्काच्या दोन भाकऱ्या मधल्या पिठाच्या टाकू का?"

त्यांनी मी काही अभद्र बोलल्यासारखं माझ्याकडं बघितलं. "आज तिला पायजे, उंद्या तुला पायजे. आमी न्हाई व्हय काठाच्या भाकरीवर पोरं वाढवली?"

वाढवली होती. वाढली तेवढी मोजायची आणि गेली त्यांचं नाव काढायचं नाही, अशी त्या घरातली पद्धत होती. मी नवऱ्याला सांगितलं. तो ताटावर बसला होता. त्यानं मान खाली घातली आणि भाकरी मोडली, मधल्या पिठाची. थोरल्या दिरांचं तर काही विचारूच नका. पोरगी त्यांची, आणि ते शेजारी बसून ताक मागत होते. मला त्या दोघा भावांची इतकी किळस आली, की मी वाढायचं सोडून परसात जाऊन उभी राहिले.

शेवटी पलीकडच्या आळीतल्या एका बाईला दया आली. ती थोरलीची मैत्रीण, रोज खडी फोडायला जायची. स्वतःच्या वाट्याची मूठभर सुकडी ती पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि गोठ्याच्या मागून थोरलीला द्यायची. थोरली तिथंच शेणाच्या पाट्यांमागं बसून खायची. चार-सहा दिवसांत फरक दिसला. पोरगी पिताना घशाचा आवाज करायला लागली. ज्या घराला बाहेरचे अन्नाचं कोठार समजत होते, त्या घराचं लेकरू एका मजूरबाईच्या घासावर जगत होतं.

एके दिवशी मामंजींनी त्या बाईला येताना बघितलं. ते गोठ्यात आले, थोरलीच्या हातातली सुकडी हिसकावली आणि थेट बोळात फेकून दिली. "सरकारची भीक माज्या घरात?" बोळातली पोरं धावली आणि मातीतून ती वेचून खायला लागली. मामंजी त्या पोरांकडं बघून नाक मुरडत होते.

थोरली उठली. कडेवर पोर, डोक्यावरचा पदर घसरलेला. सासऱ्यासमोर ती त्याआधी कधी बोलली नव्हती. "मग पेव उघडा," ती म्हणाली.

"ते येळवखताला हाय."

"आनि ही येळ कशाची हाय?"

मामंजी हसले. ते हसणं मला अजून सहन होत नाही. "एका पोरीपायी पेव फोडू व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीनं पोरगी पाठीशी बांधली आणि सगळ्या गावादेखत ती खडी फोडायच्या कामावर गेली. संध्याकाळी आली तेव्हा तिचं ताट गोठ्यात मांडलेलं होतं. पेवाच्या घरची सून कामावर गेली ही बातमी तोवर वेशीपर्यंत पोचली होती. पारावर कुणी तरी म्हणालं, पेवं पोकळ असतील. मामंजींना ते भलतंच झोंबलं. नातीच्या रडण्यानं जे झालं नाही, ते त्या एका टोमण्यानं झालं. त्यांनी गावातल्या मानकऱ्यांना बोलावणं धाडलं. पेव उघडतो, डोळ्यांनी बघून जा.

मानकरी आले, फेटे बांधून, ओट्यासमोर घोंगडीवर बसले. बाज पहिल्यांदाच हलली. पहारीनं लिंपण फोडलं, झाकण सरकवलं, आणि जो वास वर आला त्यानं पुढच्या रांगेतले लोक उठून मागं गेले. दोरीला कंदील बांधून आत सोडला, तो लगेच विझला. कंदील विझला की आतली हवा विषारी, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून पेव दिवसभर उघडं ठेवलं. त्या दिवशी आख्खी आळी नाकाला कापड लावून हिंडत होती. दुसऱ्या दिवशी मानकरी पुन्हा जमले आणि कंदील तगला तेव्हा गडी कमरेला दोर बांधून उतरला आणि त्यानं पहिलं घमेलं वर दिलं. त्यात ज्वारी नव्हती. काळा चिकट लगदा होता, त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. दुसरं घमेलं तसंच, तिसरं तसंच. मधली नाही, काठाची नाही, सगळं एकजात कुजलेलं.

कुणी काही समजावून सांगायची गरजच नव्हती. झाकणाच्या ज्या बाजूला मामंजी चूळ टाकायचे, नेमकी त्या बाजूला लिंपणात फट पडली होती आणि तिथून आत काळा ओघळ गेला होता. आम्ही बायकांनी डोक्यावरून वाहून आणलेलं पाणी, किती वर्षं कोण जाणे, त्यांच्या तोंडातून त्या ज्वारीत जात होतं. राखायला म्हणून ते त्यावर बसले होते. एक म्हातारे मानकरी उपरण्यानं नाक दाबून उठले आणि रामराम न घालताच चालते झाले. बोळात कुणी तरी फिसकन हसलं.

मामंजींचा चेहरा पडला असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! त्यांनी एक गुठळी उचलली, बोटात चुरगळली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "धुऊन उन्हात टाका. बायकांपुरती व्हईल."

आत्याबाईंनी खरोखरच पदर खोचला आणि घमेल्याला हात घातला. मी तिथंच ओट्याच्या कडेला ओकले. मानकऱ्यांसमोर, नव्या सुनेनं. मला जराही लाज वाटली नाही. त्या लगद्याला आम्ही पाणी घातलं, तेही आम्हीच आणलेलं, धुतला, पसरला. वाळल्यावर त्यातला थोडा बैलापुढं टाकून बघितला. बैलानं फुरफुरून तोंड फिरवलं, तेव्हा कुठं मामंजींनी तो उकिरड्यावर टाकू दिला. बैलाचा नकार चालला. माझा चालला नसता.

मग मधल्या ज्वारीची कणगीही सरली. थोरले दीर एस.टी.नं पारनेरला जाऊन गोणीभर मिलो घेऊन आले आणि त्यांनी ती मागच्या दारानं आत नेली. मामंजी ती लाल भाकरी खायचे आणि डुकराचा विषय काढायचे नाहीत. थोरली रोज कामावर जात होती आणि गोठ्यातच जेवत होती. पोरगी हळूहळू अंग धरत होती. एका संध्याकाळी थोरली कामावरून आली, तशी मामंजींनी तिला ओट्यावरून हाक मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मला वाटलं, आता हा माणूस चुकलं म्हणेल. सून आहे, घरात जेव म्हणेल.

"उंद्यापास्नं धाकटीला बी घिऊन जा," ते म्हणाले. "दोघींची सुकडी घरला आना. आपुन पुरवून खाऊ."

पेवं संपली होती. आता उपसायला आम्ही होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थोरलीनं नुसती मान हलवली आणि सकाळी मला घेऊन निघाली.

खडी फोडणं मी कधी केलं नव्हतं. पहिल्या तासाभरात हाताला फोड आले. पोरगी बाभळीला बांधलेल्या झोळीत निजली होती. दुपारी रांग लागली, आणि ओंजळीत सुकडी पडली. कोरडी, घशाला चिकटणारी, गोड, आणि तिला भाजल्या पिठाचा वास होता, फक्त भाजल्या पिठाचा. मी थोडी तोंडात टाकली आणि उरलेली पदराच्या टोकात बांधायला लागले. सांगितलं होतं ना, घरला आणा. हात आपोआप चालले होते.

थोरलीनं माझं मनगट धरलं. "खा," ती म्हणाली. "समदी. हितंच." आणि मी शेवटचा कण तोंडात टाकेपर्यंत तिनं माझ्यावरची नजर काढली नाही. तिनं स्वतःची ओंजळ चाटूनपुसून साफ केली, पाणी प्यायली आणि पुन्हा हातोडा उचलला.

संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा ओट्यावर मामंजी, थोरले दीर आणि माझा नवरा, तिघं ओळीनं बसले होते. मधे परात ठेवलेली होती. आत्याबाई दारात उभ्या होत्या.

"आना हिकडं," मामंजी म्हणाले.

थोरलीनं पदराचं टोक धरलं आणि परातीवर झटकलं. खडीची धूळ पडली. मीही माझा पदर झटकला.

"सुकडी कुटं हाय?"

थोरली गोठ्याकडं गेली नाही. ती ओट्याची पायरी चढली, त्या तिघांच्या समोर, परातीशेजारी मांडी घालून बसली आणि पोरीला पदराखाली घेतलं. "आनली की," ती म्हणाली. "बगा, पितीया."

पोरगी घटाघटा पीत होती, आणि परातीसमोर बसलेल्या त्या तिघांना तो आवाज ऐकावा लागत होता.